समाकलनाचा स्थिरांक : हिशेबाची श्रीशिल्लक



आजचा विषय एका अक्षराएवढा आहे. ज्यांनी महाविद्यालयात गणित घेतले असेल त्यांना तो आठवत असेल. समाकलनाचे उदाहरण सुटले की उत्तराच्या शेवटी 'अधिक सी' असे लिहावे लागते. हे लिहिले नाही तर परीक्षक अर्धा गुण कापतो आणि लिहिले तर कोणी शाबासकी देत नाही. त्यामुळे बहुतेक विद्यार्थ्यांची अशी समजूत होते, की हा 'सी' म्हणजे पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' लिहितात तसा एक शिष्टाचार आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. त्या सबंध उत्तरात जगाशी प्रत्यक्ष संबंध असलेली जी एक गोष्ट असते, ती म्हणजे हा 'सी' होय. गणित आपल्याला चाल सांगते. मुक्काम सांगण्याची जबाबदारी ते आपल्यावर टाकते. ती जबाबदारी न ओळखल्यामुळे माणसे कशी भांडली आहेत आणि आजही कशी चुकीची समजूत करून घेतात, हे आपल्याच मुलखातील उदाहरणांवरून दाखवावे असा माझा विचार आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. कलनशास्त्राच्या दोन शाखा आहेत. एखादी गोष्ट क्षणोक्षणी कोणत्या वेगाने बदलते हे काढणे म्हणजे अवकलन. उलट, बदलाचा वेग ठाऊक असता एकूण बदल किती झाला हे काढणे म्हणजे समाकलन. पहिल्यात आपण गोष्टीकडून वेगाकडे जातो, दुसऱ्यात वेगाकडून गोष्टीकडे परत येतो. आता जाताना जर वाटेत काही हरवले असेल, तर परत येताना ते आपोआप सापडणार नाही. अवकलन करताना नेमके असेच काहीतरी हरवते. ते काय, हे पाहावयास खारीच्या रहिवाशांना फार लांब जावयास नको.

खारी हे नाव उच्चारताच खारे पाणी आठवते. वसईच्या खाडीच्या काठाने भाईंदरच्या परिसरात मिठागरांचा मोठा पसारा होता. त्यातील बराचसा भाग आज इमारतींखाली गेला असला, तरी मिठागराचे काम कसे चालते हे येथील जुन्या मंडळींना मी सांगावे असे नाही. उधाणाची भरती आली की खाडीचे पाणी आत घ्यावयाचे, ते मोठ्या तळ्यात साठवावयाचे, आणि मग एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवीत उन्हाने दाट करीत न्यावयाचे.

समजा, तळ्यात पाणी येत आहे. एक माणूस उघाडीवर बसून केवळ पाणी येण्याचा वेग टिपून ठेवतो. पहिल्या तासात तळ्याची पातळी १० सेंटिमीटर चढली, दुसऱ्या तासात १५, तिसऱ्या तासात १०. एकूण चढ ३५ सेंटिमीटर. या माणसाची टिपणे अगदी बिनचूक आहेत. आता त्याला विचारा, तळ्यात पाणी किती? त्याला सांगता येणार नाही. तळे आधी कोरडे असेल तर ३५ सेंटिमीटर. आधीच २० सेंटिमीटर पाणी असेल तर ५५. बांध ५० सेंटिमीटरांचा असेल, तर पहिल्या बाबतीत सर्व ठीक आहे आणि दुसऱ्या बाबतीत पाणी बांधावरून गेले आहे. टिपणे तीच, वेग तोच, बेरीज तीच. परंतु बांध राहिला की गेला हे त्या टिपणांत कोठेही लिहिलेले नाही.

ते आधीचे २० सेंटिमीटर वेगात दिसत नाहीत याचे कारण उघड आहे. वेग हा बदलाचा असतो, आणि जे स्वस्थ पडून आहे त्याला बदल नाही. अवकलनात हरवते ते हे स्वस्थ पडून असलेले पाणी. समाकलनाचा स्थिरांक म्हणजे त्या हरवलेल्या पाण्यासाठी मोकळी ठेवलेली जागा.

रेल्वेचे उदाहरण घ्या. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने ६ मिनिटे धावली, म्हणजे ४ किलोमीटर गेली. ती आता कोठे आहे? दहिसरहून सुटली होती की भाईंदरहून, हे सांगितल्यावाचून उत्तर नाही. गाडीतील वेगदर्शक घड्याळाकडे डोळे लावून बसलेल्या प्रवाशाला आपण किती आलो हे कळेल; खिडकीबाहेर एकदा तरी पाहिल्यावाचून आपण कोठे आलो हे कळणार नाही.

आता थोडे बीजगणित करू. थोडेच करू, कोणी घाबरू नये. विद्यार्थ्यांना पडणारे एक कोडे असे. दोघांना एकच उदाहरण घातले : 'क्ष अधिक एक' याचे समाकलन करा. पहिल्याने दोन्ही पदे वेगवेगळी घेतली आणि उत्तर काढले : क्षच्या वर्गाचा अर्धा, अधिक क्ष. दुसऱ्याने 'क्ष अधिक एक' हा एकच जिन्नस मानला आणि उत्तर काढले : 'क्ष अधिक एक' याच्या वर्गाचा अर्धा. दोघांनीही नियम पाळले आहेत. मग उत्तरे दोन कशी? क्षच्या जागी ४ घालून पाहा. पहिल्याचे १२ येतात, दुसऱ्याचे साडेबारा. १० घाला. पहिल्याचे ६०, दुसऱ्याचे साडेसाठ. कोणतीही किंमत घाला, फरक नेमका अर्ध्याचाच राहतो. दोघेही बरोबर आहेत. एकाने तळे कोरडे धरले, दुसऱ्याने तळाशी अर्धा माप पाणी धरले, इतकेच. आणि ४ पासून १० पर्यंत वाढ किती झाली असे विचाराल, तर दोघेही एकमुखाने ४८ सांगतील.

येथे चिकित्सक श्रोता विचारील, की उत्तरांतील फरक नेहमी असा स्थिरच असेल याची खात्री काय? खात्री अशी. खाडीत दोन होड्या एकाच दिशेने चालल्या आहेत आणि क्षणोक्षणी दोघींचा वेग अगदी सारखा आहे. मग दोघींतील अंतराचा बदलण्याचा वेग प्रत्येक क्षणी शून्य आहे. ज्याचा वेग सदैव शून्य ते हलत नाही. म्हणून निघताना जे अंतर होते तेच शेवटपर्यंत राहणार. समाकलनाची अनंत उत्तरे असतात हे खरे. पण ती अशी सारख्या वेगाने जाणाऱ्या होड्यांप्रमाणे असतात. त्यांपैकी एकीची जागा एका क्षणी कळली, की आपली होडी कोणती हे कायमचे ठरते. अज्ञान अनंत, आणि ते दूर करण्यास एकच निरीक्षण पुरे! गणितात असा स्वस्त सौदा क्वचितच मिळतो.

व्यापारी मंडळींना यात नवीन काही वाटणार नाही. आपल्याकडील कीर्द लिहिणारा कारकून दिवसाची जमा आणि दिवसाचा खर्च मांडण्यापूर्वी काय लिहितो? श्रीशिल्लक. काल रात्री तिजोरीत जे होते ते आज सकाळच्या पानावर पहिल्या ओळीत येते. दिवसभरात ८०० रुपये आले आणि ५०० गेले, एवढ्यावरून ३०० वाढले हे कळेल. पेटीत किती आहेत हे श्रीशिल्लक सांगेल. ज्या दुकानदाराने कधी अवकलनाचे नावही ऐकले नाही त्याने समाकलनाच्या स्थिरांकाला पानाच्या माथ्यावर, देवाच्या नावासह, मानाची जागा दिली आहे. पाठ्यपुस्तकांनी त्याला शेपटीस बांधले. त्याचे महत्त्व ध्यानात येत नाही याचे थोडे कारण कदाचित हेही असेल.

दुकानदाराप्रमाणेच आपल्या ज्योतिषांनीही ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. त्यात ग्रहाच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे त्या क्षणीच्या वेगाचा, विचार आहे. परंतु गती कळली म्हणून ग्रह आकाशात कोठे आहे हे कळत नाही. त्यासाठी आरंभाची जागा पाहिजे. पंचांगे करणाऱ्यांसाठी जे सोपे ग्रंथ लिहिले जात, त्यांना करणग्रंथ म्हणतात. त्यांत या आरंभीच्या जागेला स्वतंत्र नाव आहे. ते नाव क्षेपक. क्षेपक म्हणजे मिळवावयाची रक्कम.

महाराष्ट्रात ज्या करणग्रंथाने सर्वांत अधिक राज्य केले तो 'ग्रहलाघव'. त्याचे कर्ते गणेश दैवज्ञ हे कोकणातील नांदगावचे, मुरूड-जंजिऱ्याच्या बाजूचे. ग्रंथाचा आरंभकाल शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० चा मार्च महिना. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हेही स्वतः वेध घेऊन ग्रह पडताळणारे ज्योतिषी होते. 'ग्रहलाघवा'त सूर्याचा क्षेपक ११ राशी १९ अंश ४१ कला असा दिला आहे. एक राशी म्हणजे ३० अंश आणि एक अंश म्हणजे ६० कला. म्हणून हे झाले ३४९ अंश ४१ कला. आरंभाच्या दिवशी मध्यम सूर्य तेथे होता. आता त्यानंतर १०० दिवसांनी मध्यम सूर्य कोठे असेल? त्या १०० दिवसांची चाल ९८ अंश ३४ कला. तीत क्षेपक मिळवा, पूर्ण फेरीचे ३६० अंश सोडून द्या. उत्तर ८८ अंश १५ कला, म्हणजे २ राशी २८ अंश १५ कला. चाल अधिक क्षेपक बरोबर स्थान. समाकलन अधिक स्थिरांक, असेच हे सूत्र आहे.

ग्रंथाची प्रत्यक्ष रीत याहून थोडी चतुराईची आहे. दिवसांची संख्या वाढत जाऊन गुणाकार अवजड होऊ नयेत म्हणून गणेश दैवज्ञांनी ११ वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे, एक चक्र कल्पिले. तेवढ्या दिवसांत सूर्य ११ फेऱ्या पुऱ्या करण्यास १ अंश ४९ कला ११ विकला कमी पडतो. या कमतरतेला त्यांनी ध्रुवक म्हटले. जितकी चक्रे गेली तितके ध्रुवक वजा करावयाचे, उरलेल्या दिवसांची चाल मिळवावयाची, आणि क्षेपक मिळवावयाचा. चतुराई कितीही केली तरी क्षेपकावाचून सुटका झाली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट आहे. चंद्र सूर्यसिद्धांताप्रमाणे घ्यावा, परंतु त्यातून ९ कला कमी कराव्यात, असे गणेश दैवज्ञांनी ठरविले. चंद्राला ९ कला चालावयास सुमारे १६ मिनिटे लागतात. म्हणजे एवढ्याशा फरकासाठी जुन्या मान्य ग्रंथाची रक्कम त्यांनी बदलली. ही सुधारणा गणिताने सुचत नाही. गणिताला सर्व क्षेपक सारखेच प्रिय असतात. आकाशाकडे पाहणाऱ्यालाच कोणता क्षेपक खरा हे कळते. शिवाय घेतलेल्या गतीत अल्पशी चूक असली, तर ती वर्षानुवर्षे साचत जाते आणि एके दिवशी ग्रहण सांगितलेल्या वेळी लागत नाही. म्हणून आपल्याकडे काही शतकांनी नवे करणग्रंथ रचले जात, नवा आरंभ धरला जाई, नवे क्षेपक दिले जात. दुकानदार महिन्या-दोन महिन्यांनी पेटीतील रोकड प्रत्यक्ष मोजतो आणि वहीशी ताडून पाहतो, त्यातलाच हा प्रकार होय.

येथवर स्थिरांक वेधाने ठरत होता. तळ्यात काठी बुडवावी, आकाशात नळी रोखावी, की उत्तर मिळे. परंतु काही स्थिरांक असे असतात की ते कोणत्याही वेधाने ठरत नाहीत. माणसांनी एकत्र बसून ठरवावे लागतात. आणि तेथे भांडणे होतात. महाराष्ट्रातील पंचांगवाद हे अशा भांडणाचे ठळक उदाहरण आहे.

या वादाचे मूळ असे. वसंतसंपात, म्हणजे जेथे सूर्य आला असता दिवस आणि रात्र सारखी होतात तो बिंदू, ताऱ्यांच्या मानाने दर वर्षी सुमारे ५०.३ विकला मागे सरकतो. सुमारे ७२ वर्षांत एक अंश. आपली राशी-नक्षत्रे ताऱ्यांशी बांधलेली. म्हणून आधुनिक वेधशाळेने संपातापासून मोजून दिलेल्या ग्रहस्थानातून आजवर साचलेले सरकणे वजा केले पाहिजे. त्यालाच अयनांश म्हणतात. सरकण्याचा वेग किती यावर आधुनिक गणित मानणाऱ्यांत वाद नव्हता. वाद होता तो एवढाच, की मोजावयास आरंभ कोठून करावयाचा? आकाशात कोणी शून्याचा दगड रोवून ठेवलेला नाही.

लोकमान्य टिळकांचे डेक्कन कॉलेजातील गुरू केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, यांनी रेवती नक्षत्रातील एक तारा आरंभास धरला. त्यांच्या गणिताने निघालेल्या पटवर्धनी पंचांगाची आणि पुढे टिळक पंचांगाची परंपरा ही. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी पुढे चित्रा या तेजस्वी ताऱ्याचा पक्ष घेतला. चित्रेच्या बरोबर समोरचा बिंदू तो आरंभ, असे त्या पक्षाचे म्हणणे. दोन्ही पक्षांत विद्वान होते, दोन्हींना प्राचीन ग्रंथांचे आधार होते, आणि दोन्हींचा सूर्य आकाशात एकाच वेगाने चालत होता. फरक होता तो सुमारे ४ अंशांच्या एका स्थिरांकाचा.

चार अंश म्हणजे काही फार नव्हे, असे कोणास वाटेल. सूर्याला चार अंश चालावयास साधारण चार दिवस लागतात. म्हणून दाते पंचांगाप्रमाणे मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते, ती टिळक पंचांगाप्रमाणे १० जानेवारीच्या सुमारास येते. एवढ्यावर भागत नाही. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक मास. संक्रांती चार दिवसांनी सरकल्या की एखादी संक्रांत अमावास्येच्या अलीकडून पलीकडे जाते, आणि अधिक मास एका पंचांगात एका महिन्याला व दुसऱ्यात दुसऱ्या महिन्याला येतो. मग एखाद्या वर्षी गणेशचतुर्थीतच एक महिन्याचे अंतर पडते. रत्नागिरीकडे टिळक पंचांग मानणारी घराणी आहेत. अशा वर्षी त्यांच्या घरी गणपती येऊन जातात आणि शेजारच्या घरी अद्याप मखराची तयारीही नसते. गती एक, आकाश एक; केवळ स्थिरांक दोन, म्हणून सण दोन!

स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि नागपूरचे डॉ. केशव लक्ष्मण दप्तरी हे दोन महाराष्ट्रीय विद्वान तीत सभासद होते. समितीचा अहवाल १९५५ साली आला. तिने २१ मार्च १९५६ रोजीचे अयनांश २३ अंश १५ कला धरावे असे ठरविले. तो आकडा चित्रापक्षाच्या मताचा आहे. रेवतीपक्षाने त्याच दिवशी तो १९ अंशांच्या थोडा पुढे धरला असता, आणि 'ग्रहलाघवा'च्या जुन्या रीतीने तो जवळजवळ २४ अंश आला असता. समितीने येथे कोणता नवा शोध लावला? मोठा शोध लावला नाही. एक स्थिरांक निश्चित केला. सर्वांनी एकच आरंभ मान्य केला तर पुढील हिशेब जुळतील, एवढेच तिचे म्हणणे. असे असूनही दोन्ही परंपरा टिकून आहेत, आणि त्याचे मला नवल वाटत नाही. वेधाने ठरणाऱ्या स्थिरांकात एक पक्ष खोटा ठरविता येतो. कराराने ठरणाऱ्या स्थिरांकात कोणीच खोटा ठरत नाही. फक्त करार करावा लागतो, आणि करारात मन वळवावे लागते. भांडणापूर्वी आपला स्थिरांक या दोहोंपैकी कोणत्या जातीचा आहे हे पाहिले, तर निम्मे भांडण वाचेल.

आता आकाशातून पुन्हा खाडीकाठी येऊ, कारण यापुढील उदाहरण आपल्या उंबऱ्यापाशी येऊन ठेपणारे आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत बातमी येते, की अमुक दिवशी ४.८ मीटरची भरती येणार. खाडीकाठच्या एखाद्या गृहस्थाजवळ त्याच्या इमारतीचा नकाशा असतो. त्यात जोते समुद्रसपाटीपासून ३.२ मीटर उंच असे लिहिलेले असते. तो वजाबाकी करतो आणि हादरतो : भरती आपल्या जोत्यावरून १.६ मीटर चढणार! त्याची वजाबाकी बरोबर आहे, आणि निष्कर्ष साफ चुकीचा आहे. दोन आकडे दोन निराळ्या शून्यांपासून मोजलेले आहेत. भरतीच्या कोष्टकातील शून्य हे ओहोटीच्या फार खालच्या पाण्याजवळ धरलेले असते, कारण ते कोष्टक जहाजांच्या सोयीचे आहे. पाणी कमीत कमी किती खोल मिळेल याची नाविकाला चिंता. जमिनीच्या नकाशातील शून्य हे सरासरी समुद्रसपाटीचे. मुंबईच्या अपोलो बंदरावर ही सरासरी सपाटी भरतीच्या शून्याहून सुमारे २.५१ मीटर उंच आहे. तेव्हा ४.८ मीटरची भरती म्हणजे नकाशाच्या भाषेत २.२९ मीटर, आणि आपल्या गृहस्थाचे जोते त्या पाण्याहून ९१ सेंटिमीटर वर आहे.

यावरून त्याने निर्धास्त झोपावे असे मात्र मी म्हणत नाही. खाडीच्या आतील पाणी अपोलो बंदराप्रमाणेच चढते असे नाही, आणि भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस पडला तर पावसाचे पाणी खाडीत जावयास जागा मिळत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा काय झाले हे आपण विसरलेलो नाही. शिवाय उलट दिशेची चूक अधिक घातक असते. एखाद्याला जोत्याची उंची भरतीच्या शून्यापासून सांगितलेली असली आणि त्याने ती समुद्रसपाटीपासूनची समजली, तर तो स्वतःला अडीच मीटर अधिक उंचावर समजून स्वस्थ बसेल. म्हणून कोणीही उंचीचा आकडा सांगितला, की पहिला प्रश्न विचारावा : कोठून मोजली? हा प्रश्न विचारावयास अभियंता असण्याची गरज नाही, नागरिक असणे पुरे आहे.

समुद्रसपाटी हाही एक ठरविलेला स्थिरांकच आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९ साली नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून देशाच्या उंचीमोजणीचा पाया घातला. अपोलो बंदरावर अशा नोंदी १८७८ पासून आहेत. परंतु समुद्र स्वतः स्थिर राहिलेला नाही. जगभर त्याची पातळी हळूहळू चढत आहे. तेव्हा हा स्थिरांकही, ज्योतिषांच्या क्षेपकाप्रमाणे, अधूनमधून वेधाशी ताडून पाहणे भाग आहे. स्थिरांक म्हणजे एकदा लिहिला की संपला, असे नव्हे.

मिठागराकडे पुन्हा एकदा पाहू, कारण दोन बारकावे सांगावयाचे राहिले आहेत. पहिला असा. उघाडी केव्हा उघडावी हे ठरविताना मिठागरातील माणूस मीटरही विचारीत नाही आणि समुद्रसपाटीही विचारीत नाही. बाहेरचे पाणी आतल्या पाण्याहून वर आहे की खाली, एवढेच तो पाहतो. दोन पातळ्यांची वजाबाकी केली की त्यांतील सामाईक स्थिरांक उडून जातो. मघाशी ४ पासून १० पर्यंतची वाढ दोघांचीही ४८ आली ती याचमुळे. ज्याला निश्चित समाकलन म्हणतात त्यात 'सी' लिहीत नाहीत, याचे कारण हेच. तेथे स्थिरांक नसतो असे नव्हे. दोन्ही बाजूंस तोच असतो, म्हणून जातो. बाजू दोन आणि स्थिरांकही दोन असले, तर तो जात नाही. वरील गृहस्थ फसला तो नेमका येथेच.

दुसरा बारकावा पुष्कळ पुस्तकेही घाईत सोडून देतात. दोन कोंड्यांच्या मध्ये पक्का बांध आहे, पाण्याला वाट नाही. मग एका कोंडीतील पातळी मोजल्याने दुसरीतील कळणार नाही. प्रत्येकीत वेगळी काठी बुडवावी लागेल. गणितातही तसेच आहे. 'एक भागिले क्ष' हे फल शून्यापाशी तुटते. शून्याच्या डावीकडून उजवीकडे जावयास वाट नाही. म्हणून त्याच्या समाकलनात डावीकडे एक स्थिरांक आणि उजवीकडे दुसरा स्थिरांक असू शकतो. होड्यांचे अंतर कायम राहते असे आपण म्हटले, ते दोन्ही होड्या एकाच अखंड पाण्यात असतील तर. जेथे सलगता तुटते तेथे नवे निरीक्षण हवे.

ज्यांच्या घरी यंदा गणित घेतलेली मुले आहेत, त्यांनी एवढे करावे. मुलाने उत्तराशेवटी 'अधिक सी' लिहिले की त्याला विचारावे : हा 'सी' कोण भरून देणार? काठी बुडवून मिळेल, की चार माणसांनी बसून ठरवावा लागेल? की वजाबाकीत जाणार असल्याने त्याची गरजच नाही? या तीन प्रश्नांचे उत्तर ज्याला देता येईल, त्याला समाकलन कळले असे म्हणावयास हरकत नाही. मग त्याचा अर्धा गुण गेला तरी मोठेसे बिघडणार नाही.

हे प्रश्न परीक्षेबाहेरही उपयोगी पडतात. गाव किती वाढले, उत्पन्न किती वाढले, पाणी किती चढले हे सांगणारे आकडे आपल्यासमोर रोज येतात. ते वाढीचे आकडे असतात, आणि पुष्कळदा खरेही असतात. मूळ किती होते आणि कोठून मोजले, ही श्रीशिल्लक मात्र पानाच्या माथ्यावर लिहिलेली नसते. ती मागून घ्यावी आणि मगच हिशेब मान्य करावा.